श्रोते होते, पण रकाना नव्हता

आपल्या देशातील नभोवाणीवरची पहिली फर्माइश म्हणता येईल अशी गोष्ट एका गव्हर्नराच्या नावावर आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून टाइम्स ऑफ इंडिया हे वृत्तपत्र आणि टपाल व तार खाते यांनी मिळून मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नरांनी तो पुण्यात बसून ऐकला. देशात नियमित नभोवाणी केंद्र सुरू व्हायला त्यानंतर सहा वर्षे लागली. म्हणजे एकाने मागावे आणि दुसऱ्याने दूरवरून ऐकवावे हे नाते आधी जन्माला आले. त्यासाठीची संस्था, तिचे नियम आणि तिचे अंदाजपत्रक हे सारे मागाहून आले.

या घटनेची आठवण आज मुंबईत किंवा पुण्यात कोणी काढत असेल असे वाटत नाही. ती निष्ठेने काढतात छत्तीसगढमधील रेडिओ श्रोते. तेथील श्रोता संघ २० ऑगस्ट हा दिवस 'श्रोता दिवस' म्हणून पाळतात. रायपूर, दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, भाटापारा या पट्ट्यातील श्रोत्यांची पत्रे एके काळी रेडिओ सिलोन आणि विविध भारती यांच्या टपालात ठळकपणे दिसत. झुमरीतलैयाचे नाव फर्माइशींमुळे देशभर झाले, तसेच भाटापाऱ्याचेही झाले. हे श्रोते संगीताचे नुसते ग्राहक नव्हते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मीटरवर काय लागते याचे गणित त्यांना तोंडपाठ असे. रेडिओ सिलोनवर सकाळी आठ वाजण्यापूर्वीचे शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असणार, यावर घड्याळ लावणारी पिढी याच पट्ट्यात होती.

असे श्रोते असूनही कार्यक्रम बंद पडतात. विशेषतः शनिवार-रविवारचे, एखाद्या विशिष्ट संगीतप्रकाराला वाहिलेले कार्यक्रम आधी बंद पडतात. जुनी चित्रपटगीते, लोकगीते, नाट्यगीते, कव्वाली, शास्त्रीय गायन अशा कार्यक्रमांचे श्रोते संख्येने थोडे, पण पक्के असतात. मग बंद करणारा निर्णय घेतो कसा? तो दुष्ट असतो, अरसिक असतो, असे मानून मोकळे होणे सोपे आहे. प्रशासनात काम केलेल्या माणसाला मात्र हे पटत नाही. निर्णय घेणाऱ्यापुढे एक धारिका येते, तिच्यात काही रकाने असतात, आणि तो रकान्यांत जे आहे त्याच्या आधारे सही करतो. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे, की श्रोत्यासाठी या धारिकेत रकाना कधी होता, आणि तो कधी गेला?

यासाठी १९२७ पासून सुरुवात करू. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. ऑगस्टमध्ये कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. ही खासगी कंपनी होती. तिचे मुख्य उत्पन्न म्हणजे रेडिओ संच बाळगणाऱ्याने भरायच्या वार्षिक दहा रुपये परवाना शुल्कातील वाटा. परवानाधारक इतके थोडे होते की कंपनी तीन वर्षेही टिकली नाही. मार्च १९३० मध्ये ती मोडीत निघाली आणि १ एप्रिल १९३० पासून सरकारने दोन्ही केंद्रे आपल्याकडे घेतली. तेव्हा संपूर्ण देशातील परवाने आठ हजारांच्याही आत होते.

पुढे जे झाले ते प्रशासनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. जागतिक मंदीचे दिवस होते आणि सरकार काटकसरीच्या मागे लागले होते. १० ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने ही सेवा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. आकड्यांच्या दृष्टीने तो निर्दोष होता. तीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात आठ हजार परवानाधारकांसाठी तोट्याची सेवा का चालवावी, या प्रश्नाला हिशेबनिसाकडे उत्तर नव्हते. परंतु परवानाधारकांनी आणि रेडिओ संचांच्या विक्रेत्यांनी ओरड केली. २३ नोव्हेंबर १९३१ रोजी, म्हणजे जेमतेम दीड महिन्यात, सरकारने निर्णय मागे घेतला. मे १९३२ मध्ये सेवा कायम चालू ठेवण्याचे ठरले. तोटा भरून काढण्यासाठी संचांवरील आयात शुल्क वाढवण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली आणि संचांना मागणी आली. १९३४ अखेर परवान्यांची संख्या १९३० च्या दुप्पट झाली होती. १९३६ मध्ये याच सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले.

आठ हजारांहून कमी लोकांचे ऐकले का गेले? ते थोडे असले तरी नोंदलेले होते, हे त्याचे एक कारण मला दिसते. प्रत्येकाचा परवाना होता, प्रत्येकाने दहा रुपये भरले होते, प्रत्येकाचे नाव व पत्ता टपाल कार्यालयात होता. श्रोता हा धारिकेतील एक खातेदार होता, आणि खातेदाराचे म्हणणे ऐकण्याची प्रशासनाला सवय असते.

यानंतरचा मोठा प्रसंग १९५२ चा. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. हा महाराष्ट्रीय विद्वान शास्त्रीय संगीताचा निस्सीम भक्त होता. चित्रपटसंगीत लोकांची अभिरुची बिघडवते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले आणि गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले. चित्रपट निर्मात्यांनी चिडून गाण्यांच्या प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. जुलै १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारची रात्र आणि आकाशवाणीची ती दीड तासाची मैफल हे समीकरण पुढे कित्येक दशके रसिकांच्या मनात पक्के झाले. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीत जोपासले. आपल्या मराठी भावगीताला त्याचा झालेला लाभ सर्वांना ठाऊक आहे.

केसकरांची थट्टा करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मी तीत सामील होणार नाही. आज ज्या प्रकारच्या कार्यक्रमांसाठी आपण हळहळतो, ते खास संगीताचे, ठरल्या वारी लागणारे कार्यक्रम उभे करण्यात त्या माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्यांची चूक निराळी होती. एका वर्गाला देण्यासाठी दुसऱ्याचे काढून घ्यावे लागते असे त्यांनी गृहीत धरले. आणि ज्याचे काढून घेतले त्याने १९३१ सारखी ओरडही केली नाही. त्याने नुसती सुई फिरवली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये उभारलेला शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. डिसेंबर १९५२ मध्ये त्यावर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ अमीन सयानी यांची झाली. सरकारला ही गोष्ट उमगायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तीही सुरुवातीला लघुलहरींवरूनच, कारण गेलेला श्रोता तेथे होता. पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला आकार दिला. सैनिकांसाठीची 'जयमाला' आणि शनिवारी चित्रपटक्षेत्रातील नामवंतांनी सादर केलेली तिची विशेष आवृत्ती हीसुद्धा, पाहिले तर, ठरल्या वाराची खास मैफलच होती.

१९३१ आणि १९५२ हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या वेळी श्रोत्याला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो बोलला. दुसऱ्या वेळी जागा होती, म्हणून तो न बोलता गेला. प्रशासनाला तक्रारींचा आवाज ऐकू येतो. निघून जाणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही.

आता दुर्गकडे येऊ. १९०६ मध्ये स्थापन झालेला दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा दुर्गच्या लोकांची राजधानी आणि रेडिओ केंद्र एकाच शहरात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. दुर्ग मध्य प्रदेशात गेले आणि राजधानी भोपाळला गेली. रेडिओच्या लहरी मात्र पुनर्रचना आयोगाचा नकाशा पाहून चालत नाहीत. अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरची मराठी गाणी दुर्ग-भिलाईतील मराठी घरांत येत राहिली. २ ऑक्टोबर १९६३ रोजी रायपूर केंद्र सुरू झाले आणि छत्तीसगढी बोलीला प्रथमच स्वतःचे प्रक्षेपण मिळाले. 'चौपाल'मधील बरसाती भैया हे नाव खेड्याखेड्यांत पोहोचले. दुर्गजवळच्या बघेरा गावी दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' हा लोकनाट्याचा संच उभा केला. लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते आणि खुमानलाल साव यांचे संगीत घेऊन तो गावोगाव फिरला. पण जेथे तो जाऊ शकला नाही तेथे त्याची गाणी रायपूर केंद्राने नेली. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांची पंडवानी सर्वदूर ऐकू गेली, त्यातही आकाशवाणीचा वाटा होता.

भिलाईची एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा सर्व प्रांतांतून माणसे येऊन वसली. झोतभट्टीला रविवार नसतो. कामगार तीन पाळ्यांत काम करतात आणि त्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या वाटून दिलेल्या असतात. म्हणजे आपण ज्याला शनिवार-रविवारचा कार्यक्रम म्हणतो तो कार्यालयीन माणसाच्या सोयीने आखलेला असतो. भिलाईच्या पाळीवाल्या कामगाराला तो पाळीशी जुळवून घ्यावा लागे. एका रविवारी तो घरी असे, पुढच्या रविवारी कामावर. अशा श्रोत्याची गणना एखाद्या दिवशी दारोदार जाऊन केली, तर तो निम्म्या वेळा 'ऐकत नाही' या रकान्यात पडेल. पण त्याची ओढ निम्मी नसते. संख्या आणि ओढ या दोन भिन्न राशी आहेत आणि आपली मापे केवळ पहिलीची आहेत, हे येथे स्पष्ट दिसते.

ठरल्या वेळेच्या कार्यक्रमात काय सामर्थ्य असते याचे मराठीतील सर्वोत्तम उदाहरण गीतरामायणाचे. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ते सुरू केले. केंद्राचे सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्याला एक गीत, शुक्रवारी सकाळी पाऊण तास कमी नऊला नव्हे, तर नेमके पावणेनऊ ते नऊ. आणि तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा. वर्षात अधिक मास आल्याने बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. पुणे केंद्र तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. एका नव्या प्रादेशिक केंद्राने, आठवड्यातील पाव तासाच्या बळावर, एका भाषेला कायमचा ठेवा दिला. आणि ते संपले तेही ठरवून, पूर्ण होऊन संपले. कार्यक्रम संपणे हे वाईट नसते. पूर्ण होणे आणि खुडले जाणे यांत अंतर आहे.

मग श्रोत्याचा रकाना गेला केव्हा? माझ्या मते तो तीन पायऱ्यांनी गेला.

पहिली पायरी १ नोव्हेंबर १९६७ ची. त्या दिवशी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. यात अनुचित काही नव्हते; पैसा हवाच होता. परंतु त्या दिवसापासून धारिकेत जाहिरातदार हा दुसरा खातेदार आला, आणि त्याच्या नावापुढे रक्कम होती.

दुसरी पायरी १९८० च्या दशकातील. रेडिओ संचाचा परवाना रद्द झाला. टपाल कार्यालयात रांग लावून शुल्क भरण्याचा जाच गेला म्हणून सर्वांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. वसुलीचा त्रास उत्पन्नाच्या मानाने जास्त होता. पण या सुधारणेची एक किंमत कोणी मोजली नाही. परवान्यासोबत श्रोत्याचा पत्ता गेला. कालपर्यंत तो शुल्क भरणारा नागरिक होता. आता तो हवेतील लहरी फुकट ऐकणारा अनामिक झाला.

तिसरी पायरी मोजणीची. खासगी एफएम केंद्रे जुलै २००१ पासून बंगळूरपासून सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील ठरीव वार्षिक शुल्काचा बोजा अनेक कंपन्यांना पेलला नाही. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेशशुल्क आणि उत्पन्नाच्या चार टक्के वाटा अशी सुधारणा झाली आणि केंद्रांची संख्या वाढली. २००७ पासून श्रोत्यांच्या रोजनिशा भरून घेऊन मोजणी करण्याची पद्धत आली, ती मोजक्या महानगरांपुरती. जाहिरातीचा दर त्या मोजणीवर आणि कार्यक्रमाचे आयुष्य त्या दरावर. दुर्गचा, भाटापाऱ्याचा श्रोता नमुन्यातच नव्हता. जो नमुन्यात नाही त्याची निष्ठा कितीही असली तरी बेरजेत ती शून्यच येते.

या पार्श्वभूमीवर पुढील घटना पाहाव्यात. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरील वेळ खासगी कंपन्यांना दिली. पाच वर्षांत नव्या धर्तीच्या संगीत कार्यक्रमांना शहरी श्रोता लाभला, आणि १९९८ मध्ये ती व्यवस्था थांबली. वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओने शास्त्रीय संगीतासाठी 'गंधर्व' व 'श्रुती', जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता' अशा स्वतंत्र वाहिन्या चालवल्या. तेथे तर श्रोता पैसे भरत होता. तरी मूळ अमेरिकी कंपनीचे दिवाळे निघाले आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून रात्रभर देशाला ऐकू जाई. रात्रपाळीचे कामगार, ट्रकचालक, पहारेकरी हा तिचा स्वाभाविक श्रोता. डिसेंबर २०१८ मध्ये खर्चकपात व सुसूत्रीकरण ही कारणे देऊन ती बंद करण्याचा आदेश निघाला. तिचा ध्वनिसंग्रह दिल्लीच्या मध्यवर्ती संग्रहाकडे पाठवण्याची तरतूद त्या आदेशात होती, हे मात्र नोंदवले पाहिजे. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचे ठरले, तेव्हा पुणेकरांनी विरोध केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. तो संगीताचा नव्हे, बातम्यांचा प्रश्न होता. पण १९३१ चा धडा ब्याण्णव वर्षांनी पुन्हा खरा ठरला. जेथे ओरडणारे लोक मंत्र्यांपर्यंत पोहोचू शकतात, तेथे निर्णय फिरतो. रात्रपाळीचा पहारेकरी पोहोचू शकत नाही.

हा केवळ आपला प्रश्न आहे असेही नाही. मार्च २०१० मध्ये बीबीसीने चाकोरीबाहेरच्या संगीतासाठी असलेली 'सिक्स म्युझिक' ही वाहिनी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. श्रोत्यांनी मोहीम उघडली. जुलैमध्ये बीबीसी ट्रस्टने प्रस्ताव फेटाळला. पुढील काळात त्या वाहिनीचे श्रोते दुपटीहून अधिक वाढले. बंद करण्याइतकी क्षीण वाटणारी सेवा प्रत्यक्षात लोकांना नीट ठाऊकच नव्हती. पण त्याच बीबीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे आणि शनिवार-रविवारचे बरेचसे कार्यक्रम अनेक केंद्रांत सामाईक करण्याचे जाहीर केले आणि २०२३ मध्ये, कर्मचाऱ्यांनी संप करूनही, ते अमलात आणले. फरक कोठे होता? २०१० मध्ये प्रस्तावाची तपासणी करणारे विश्वस्त मंडळ होते आणि लोकांचे म्हणणे मागवणे त्याच्या कार्यपद्धतीत होते. ते मंडळ २०१७ मध्ये विसर्जित झाले. श्रोत्यांची निष्ठा दोन्ही वेळी होती. ती मांडायला जागा एकाच वेळी होती.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. निवेदक निवृत्त होतात, नवी भरती होत नाही. सुट्टीच्या दिवसांचे कार्यक्रम बहुधा नैमित्तिक निवेदकांवर चालतात आणि काटकसरीची कात्री प्रथम मानधनाच्या तरतुदीवर चालते. मध्यमलहरींचे जुने प्रक्षेपक वीज खातात आणि त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. तरुण श्रोता मोबाइलवर हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकतो. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याने हे सारे दुर्लक्षून केवळ हळवेपणाने कार्यक्रम चालवावेत असे मी म्हणणार नाही. शिवाय बदल नेहमी तोट्याचाच असतो असेही नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने शास्त्रीय संगीतासाठी 'रागम' ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली. ज्याला शनिवारी रात्री दीड तास मिळे त्याला आता सर्व वेळ मिळाला.

परंतु यातच एक सूक्ष्म हानी आहे. हवे तेव्हा मिळणारे गाणे आणि ठरल्या वेळी येणारे गाणे हे अनुभव निराळे आहेत. दुसऱ्यात आपल्यासोबत आणखी कोणी ऐकत आहे ही जाणीव असते. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधून पाठवलेले पोस्टकार्ड रायपूरहून वाचले जाई, तेव्हा नाव उच्चारल्या गेलेल्या माणसाला आपण राज्याच्या गणतीत आहोत असे वाटे. शासन आणि नागरिक यांच्यात इतका स्वस्त, इतका निर्व्याज व्यवहार दुसरा क्वचितच असेल. शिवाय लोकसंगीताचे प्रश्न शास्त्रीय संगीताहून वेगळे आहेत. 'चंदैनी गोंदा'च्या परंपरेतील, पंथी, ददरिया, सुवा, भरथरी गाणाऱ्या साध्या गायकांची ध्वनिमुद्रणे पुष्कळदा प्रादेशिक केंद्राच्या कपाटातच असतात. कार्यक्रम चालू असतो तोवर त्या फिती बाहेर निघतात, वाजतात, त्यांवर नावे लिहिली जातात. कार्यक्रम बंद झाला की कपाट उघडण्याचे कारण उरत नाही. फीत नष्ट करण्याचा आदेश कोणीच काढत नाही. ती आपोआप नष्ट होते.

यावर उपाय काय? प्रसार भारती कायदा १९९० चा. तो सप्टेंबर १९९७ पासून अमलात आला. देशातील विविध संस्कृती व भाषा यांना पुरेसे स्थान देणे हे त्याने संस्थेचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे तत्त्व आधीच मान्य आहे. उणीव कार्यपद्धतीची आहे. मला चार साध्या गोष्टी सुचतात. एक, दहा वर्षांहून जुना कोणताही कार्यक्रम बंद करण्यापूर्वी त्याच कार्यक्रमात तीन महिने आधी तशी सूचना द्यावी आणि श्रोत्यांचे म्हणणे मागवावे. दोन, आलेली पत्रे व संदेश यांचा गोषवारा धारिकेत जोडणे सक्तीचे करावे, आणि संख्येसोबत ती कोठून आली, किती वर्षांचे श्रोते आहेत हेही लिहावे. तीन, कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणांची यादी आणि त्यांचे अंकीय जतन पूर्ण झाल्याचा दाखला असल्याशिवाय बंदीच्या आदेशावर सही होऊ नये. चार, बंद करण्याआधी वेळ कमी करणे, मासिक करणे, शेजारच्या केंद्राशी वाटून घेणे हे पर्याय तपासल्याची नोंद असावी. यांतील एकालाही मोठा खर्च नाही. यांमुळे कित्येक कार्यक्रम तरीही बंद होतील. पण ते विचार करून बंद होतील, आणि बंद करणाऱ्याला आपण काय बंद केले हे ठाऊक असेल.

शाळा, दवाखाना, एस.टी.ची मुक्कामी गाडी, आठवडे बाजारातील फिरते वाचनालय या सर्वांना हेच लागू आहे. कमी वापराची सेवा बंद करण्याचे प्रस्ताव प्रत्येक अधिकाऱ्यापुढे येतात. त्यांत वापरणाऱ्यांची संख्या असते. त्यांना दुसरा मार्ग आहे की नाही, हे बहुधा नसते.

छत्तीसगढचे श्रोते दरवर्षी २० ऑगस्टला जमतात तेव्हा ते १९२१ सालच्या एका फर्माइशीचे स्मरण करतात. फर्माइश करणारा तेव्हा गव्हर्नर होता, म्हणून खाते, वृत्तपत्र आणि यंत्र सारे हजर झाले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत तोच अधिकार पाच पैशांच्या, पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर दुर्गच्या माणसाला मिळाला, ही नभोवाणीची खरी कमाई होती. ती सांभाळायला धारिकेत एक रकाना वाढवावा लागेल, इतकेच.